कोपऱ्यापर्यंतची वाट

ग्वाल्हेर, रविवार

ती. शरयूताईस,

वाकून नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. यांचं हृदयाचं औषध वेळेवर चालू आहे. बडोद्याला थंडी आहे का? तुझे गुडघे कसे आहेत?

आपलं माधवगंज सोडून या कॉलनीत आले तेव्हा किती हौस होती मला! आखीव रस्ते, एकमजली घरं, दारात मोगरा. आता प्रत्येक प्लॉटवर चार मजले झालेत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतात.

गेल्या महिन्यात समोरच्या गरिमाच्या सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स वळणावरच अडकली. शेवटी चौघांनी त्यांना खाटेवर घालून कोपऱ्यापर्यंत नेलं. त्या वाचल्या गं, काळजी करू नकोस.

म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सगळ्या मजल्यांवरच्या बायकांना बोलावलं. वाण देताना, कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या तसं नम्रपणे म्हटलं, “रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवाल का?”

एकजण म्हणाली, “आंटीजी, गाड़ी क्या छत पे चढ़ा दें?” सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी घाबरले आहे, हे यांना कळू दिलेलं नाही. पण काल बघते तर यांच्या टेबलाची चाकांची खुर्ची दाराशी आणून ठेवलेली. चाकांना तेलही घातलेलं.

तू ये गं लवकर. रिक्षा आत येत नाही. कोपऱ्यावर उतर, मी घ्यायला येईन.

तुझीच,
हेमू