अध्यक्षांचे पाय

वॉर्म स्प्रिंग्ज, जॉर्जिया
३ एप्रिल १९४५

ती. बाबा आणि आईस,
तुमच्या लिओटाचा दुरूनच, पण वाकून सा. न. वि. वि.

आईनं विणलेला स्वेटर पोचला. इथं झाडं फुलांनी लगडलीत आणि मी लोकरीत शिजतेय. पोलिओच्या या दवाखान्यात मला सहा महिने झाले, तरी आईला वाटतं मी अजून आपल्या ओहायोच्या गारठ्यातच बसलेय!

मोठी बातमी म्हणजे हा दवाखाना उभारणारे आपले अध्यक्ष रूझवेल्टसाहेब आलेत. रविवारी ईस्टरच्या प्रार्थनेला आमच्याच चॅपेलमध्ये होते. बाबा, मी हबकलेच. डिसेंबरात आमच्या पंगतीत टर्की खाताना केवढे मोकळे हसत होते! आता कोट खांद्यावरून नुसता लोंबतोय, हात थरथरतायत. पण विश्रांतीला आलेत, तर सुधारतील. पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे रुग्ण त्यांच्यासाठी एक नाटुकलं करणार आहोत. मी खाष्ट सासू झालेय. खोलीतली विल्मा म्हणते, तुला वेगळा अभिनय करायची गरजच नाही.

माझ्या पायांचं तुम्ही पुन्हा विचारलंत. त्याबद्दल सवडीनं लिहीन.

लोभ आहेच, तो गरम ठेवावा.
आपली,
लिओटा

कॅनबी फोर्ड, ओहायो
८ एप्रिल १९४५

चि. लिओटास,
बापाचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र थर्लो न्हाव्याच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. देशाचे अध्यक्ष आणि माझी पोर एका छपराखाली प्रार्थना करतात म्हटल्यावर थर्लोचा वस्तरा हवेतच थांबला. गिऱ्हाईक साबण लावून ताटकळत बसलं.

ते दमलेत, एवढंच. युद्ध का सोपं असतं? बँका बुडाल्या, हाताला काम नव्हतं, तेव्हा याच माणसानं धरणं काढली आणि मला तिथं सुतारकाम मिळालं. तुझ्या उपचाराचा खर्चसुद्धा त्यांनी देशभरातून गोळा करवलेल्या चिल्लरीतून चाललाय. त्यांचा फोटो तुझ्या खाटेसमोर मी उगाच नाही टांगला. तेही असेच पोलिओनं आडवे झाले होते. उठले, चालले, चारदा निवडून आले! तू तर आपल्या हॅस्केट घराण्याची पोर. म्हणून ठणकावून सांगतो, चाकांची खुर्ची मी या उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. तू चालत घरी यायचंस. पायांचं सवडीनं नको, लगेच लिही.

आईचे पापे. माझा धाक आणि माया दोन्ही आहेत.
तुझा,
बाबा

वॉर्म स्प्रिंग्ज
१४ एप्रिल १९४५

ती. बाबांस,
सा. न.

रेडिओवर तुम्ही ऐकलंच असेल. गुरुवारी दुपारी आमची रंगीत तालीम चालली होती. विल्माच्या एकाच गालाला रंग लागला होता. कुणीतरी दारात येऊन सांगितलं की साहेब गेले. आम्हाला वाटलं नाटकातलंच काही बोलतायत. मग पियानो वाजवणाऱ्या बाईंनी झाकण लावलं.

काल सकाळी शवपेटी आमच्या दारावरून नेली. आम्ही खुर्च्या ओळीनं लावून बसलो होतो. गाडी आमच्यापाशी थांबली. नौदलाच्या गणवेशातला एक काळा वादक अकॉर्डियन वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. माझं रडू अजून बाहेर आलेलं नाही.

बाबा, पुढचं बसून वाचा.

साहेब चालत नव्हते. आजारपणानंतर पुन्हा कधी चाललेच नाहीत. पायांना लोखंडी पट्ट्या, एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या दंडात रुतवलेला, आणि कमरेतून अंग फेकत थोडीशी पावलं. फोटोपुरती. एरवी दोघं जण त्यांना गाडीतून उचलून खुर्चीत ठेवत. आमच्या पंगतीत ते त्या खुर्चीतूनच आले. त्यांच्या पँटच्या आत पाय नव्हे, काठ्या असाव्यात असं वाटायचं. पेपरवाले हे छापत नसत आणि आम्ही बाहेर बोलत नसू. कुणी बजावलं नव्हतं. आपल्या माणसाचं घरातलं बाहेर कशाला, असंच वाटायचं.

बँका, धरणं, युद्ध, सगळं त्यांनी बसून केलं.

आणि मीही चालणार नाही, बाबा. जेवढं यायचं तेवढं आलं, असं डॉक्टर म्हणाले. मला टंकलेखन येतं, स्वयंपाक येतो, भांडता तर येतंच. पण तुमचा उंबरा मला ओलांडता येणार नाही. घरी येऊ की नको, ते तुम्हीच कळवा.

लिओटा

कॅनबी फोर्ड
२२ एप्रिल १९४५

चि. लिओटा,
आशीर्वाद. आधी जेवतेस ना ते सांग.

तुझं पत्र वाचून मी आईवर ओरडलो की पोरगी खोटं लिहिते. मार्चमध्ये साहेब रेडिओवर म्हणाले होते, पायांत लोखंड वागवायला नको म्हणून बसून बोलतो. मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो होतो, लिओ. आई म्हणाली, सांगितलं होतं, तूच ऐकलं नाहीस. ते साहेबांबद्दल होतं की तुझ्याबद्दल, विचारायचा धीर झाला नाही.

काल थर्लोकडे कुणीसं म्हणालं, केवढा ताठ चालायचा माणूस. मी म्हटलं, चालत नव्हता, माझ्या पोरीनं डोळ्यांनी पाहिलंय. मेलेल्या माणसाची बदनामी करतो म्हणून एक जण अंगावर धावून आला. त्याला सांगितलं, यात बदनामी कसली? माझी पोरगी पण बसते, आणि पुढच्या महिन्यात घरी येतेय.

तर आता लगेच कर. तुझी खुर्ची किती रुंद आहे ते मोजून उलटटपाली कळव. उंबरा मी काढलाय, आणि अंदाजानंच दरवाजाही तोडून ठेवलाय. घरभर वारा भणाणतोय, आणि आई कोट घालून पावाचं पीठ मळतेय आणि मला शिव्या घालतेय.

लवकर कळव.
तुझा,
बाबा