काय बिघडलं की मजा येते

३ फेब्रुवारी, सोमवार

आमची खोली बंद होणार!

साहेबांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं, मला आणि वकिलाला. (वकील काळा कोट घालत नाही. माझ्यासारखाच सर्व्हर सांभाळतो. पण पंखा कितीवर ठेवावा यावरही दोन्ही बाजू मांडतो, म्हणून आख्ख्या कंपनीत वकील.) साहेब म्हणाले, वर्षभरात सगळं क्लाउडवर न्यायचं. दुकानांतून येणारे चष्म्याचे नंबर, ऑर्डरी, काचा घासणाऱ्या यंत्रांना जाणारे हुकूम, जे आज आमच्या तळघरातल्या कपाटांतून फिरतं ते सगळं उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी भल्याथोरल्या इमारतीतल्या मशीनवर, भाड्याने. तळघर रिकामं करायचं.

मला वाईट वाटायला हवं होतं. त्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. पण साहेब पुढे म्हणाले की कंपनी आम्हा दोघांना एकेक सर्टिफिकेशन करू देणार, कोणतं ते आपापलं निवडायचं — आणि मी तिथेच, त्या करकरणाऱ्या खुर्चीत, नवी कोरी पुस्तकं हातात आलेल्या पोरीसारखी खूश! त्रेचाळिसाव्या वर्षी! वकिलाने माझ्याकडे असं बघितलं की हिला ताप आलाय की काय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

किती ती सर्टिफिकेशनं! तीन मोठ्या कंपन्या, प्रत्येकीची शिडी वेगळी. खाली पायाभूत, मग असोसिएट, मग त्याच्याही वर. त्यात पुन्हा आर्किटेक्ट, डेव्हलपर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, सिक्युरिटी, नेटवर्किंग, डेटा. संध्याकाळभर स्क्रीनला डोळे लावून बसले. लेक मागून डोकावली, दाणे चावत. (सतत काहीतरी कुरतडते म्हणून ती खारूताई. अकरावीत गेली तरी नाव बदललं नाही.) म्हणाली, "आई, हे हॉटेलचं मेनूकार्ड आहे का?"

आहेच! आणि मला भूक लागलीय.

९ फेब्रुवारी, रविवार

एका क्लासवाल्याचा फोन. कुठून नंबर मिळाला देव जाणे. पाच सर्टिफिकेटं एकदम, तीन महिन्यांत, नोकरीची हमी. मी विचारलं, पाचही का? तर म्हणे, मॅडम, बायोडेटा भरगच्च दिसतो. मी म्हटलं, मला दिसायचं नाहीये, यायला हवंय. त्याने फोन ठेवला. नवरा कणीक मळत होता, तो हसला.

पण खरं सांगायचं तर मनात मीही तेच करत होते. सगळे जे घेतात ते आर्किटेक्टचं, म्हणून आर्किटेक्ट. नावही भारदस्त.

१४ फेब्रुवारी

आज मजा गेली.

साहेबांनी स्पष्ट सांगितलं की क्लाउडवर गेल्यावर एकच जागा राहील. आमच्यापैकी एकाला. दुसऱ्याला ते चांगलं शिफारसपत्र देतील, जमेल तेवढी मदत करतील. त्यांचाही चेहरा उतरला होता. आम्ही दोघं जिना उतरून तळघरात आलो आणि आपापल्या स्क्रीनकडे तोंड करून बसलो. जेवायला वकील वर कॅन्टीनमध्ये गेला. मी खालीच.

१९ फेब्रुवारी

अजून अबोला. भांडण नाही काही, नुसतं अवघडलेपण. तो आला की मी टॅब बंद करते. मी आले की तो. दोन मोठी माणसं, आणि परीक्षेत वहीवर हात ठेवून बसल्यासारखी!

२४ फेब्रुवारी

वकील स्वतःच आला, डबा घेऊन. समोर बसला. म्हणाला, "एकट्याने वाचून माझ्या डोक्यात काही जात नाही. तू भांड माझ्याशी."

मग काय, भांडलो! त्याने आर्किटेक्टचं ठरवलंय. शोभतं त्याला — हे का निवडलं, ते का नाही, दोन्ही बाजू मांडायच्या, तेच तर असतं त्यात. जागेचं काय ते साहेब बघतील, असं तो म्हणाला. डबे उघडे ठेवून अर्धा तास वाद. भाजी गार झाली. किती बरं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

आज बाहेरच्या कंपनीची बाई आली, आमचा सगळा संसार हलवायचं काम ज्यांच्याकडे दिलंय त्यांची. मशीन तापू नयेत म्हणून गार ठेवलेल्या तळघरात पाऊल टाकलं आणि बॅगेतून लोकरीची टोपी काढून कानांवर ओढली. "थंडी खोलीत असते हे लक्षात ठेवावं लागतं," म्हणाली. तिथून पुढे ती टोपीवाली. तीही ऐकून हसली.

दिवसभर कपाटं दाखवली. कोणती तार कुठून कुठे जाते, सगळं. तिच्या मागे अर्धा डझन सर्टिफिकेटं आहेत, म्हणून धीर करून विचारलं की मी कोणतं करू. तिने आधी दोन गोष्टी सरळ सांगितल्या. तुमची कंपनी ज्या क्लाउडवर जाणार आहे त्याचंच घ्या, कारण रोज हात चालला पाहिजे, नुसतं वाचून सहा महिन्यांत सगळं उडून जातं. आणि शिडीची पायरी गाळू नका. मग टोपी मागे सारून म्हणाली, "नाव बघून निवडू नका. काय बिघडलं की तुम्हाला मजा येते, ते सांगा."

मी विचारच केला नाही. तोंडातून गेलं, "दोन मशीन चांगल्या असतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत, तेव्हा."

"मग तुमचं नेटवर्किंग," ती म्हणाली. "पण ते वरच्या पायरीवर आहे. आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा."

घरी येताना रस्त्यावर मी एकटीच हसत होते. एका आजोबांनी वळून पाहिलं.

८ मार्च

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर! ठरलं! नाव नोंदवलं. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, आर्किटेक्ट मोठं नाही का? मी म्हटलं, मोठं आहे, माझं नाही.

हे बोलल्यावर माझी मलाच मजा वाटली.

१६ मार्च, रविवार

लिहूनच ठेवते. आज सकाळी जेवणाच्या टेबलावरून, घरच्या कपड्यांत, मी एक सर्व्हर उभा केला! सरावासाठी मिळतं तसलं खातं. चार-पाच बटणं, आणि कुठल्याशा देशात, जिथे मी कधी जाणार नाही, तिथे एक मशीन माझ्यासाठी जागी झाली. तळघरात नवा सर्व्हर यायचा म्हणजे महिनाभर पत्रव्यवहार, मग खोकं, मग दोन हमाल, मग जिन्यात अडकणं!

नवऱ्याला ओढत आणलं. तो पोहण्याचा प्रशिक्षक, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. पण बघितलं त्याने. "दिसत तर काहीच नाही," म्हणाला. मग मी तो सर्व्हर पुसून टाकला, पुन्हा उभा केला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आता नाश्ता करूया.

१२ एप्रिल

टेबलाच्या एका टोकाला खारूताईचं रसायनशास्त्र, दुसऱ्या टोकाला माझी सबनेट (नेटवर्कचे पाडलेले तुकडे). मधे दाण्यांची वाटी, ती तिच्याकडे सरकत जाते. ती माझे प्रश्न विचारते, मी तिचे. तिला माझी निम्मी उत्तरं पाठ झालीत. मला तिचं एकही नाही.

२९ एप्रिल

वकील पास! पहिल्याच फटक्यात. तळघरात पेढेवाल्यासारखा हात पुढे करून आला, हातात होती दोन सफरचंदं. मनापासून आनंद झाला. आणि जागा एकच आहे हेही आठवलं. दोन्ही खरं.

१० मे, शनिवार

उद्या माझी परीक्षा. नवऱ्याने शर्यतीच्या आदल्या दिवशीचे नियम लावलेत. हलकं खायचं, नवीन काही करायचं नाही, लवकर झोपायचं. गॉगल घालून जाऊ का, असं विचारलं तर रागावला.

११ मे

नापास.

१२ मे

झोपून उठल्यावर जरा कळायला लागलं. निकालात विभागवार दाखवतात. नेटवर्कच्या भागात मी झकास! बाकी — देखरेख, बॅकअप, परवानग्या, खर्चावर लक्ष — सगळीकडे आपटले. कारण उघड आहे. जे आवडलं तेच वाचत बसले. खारूताई म्हणाली, "मला सांगतेस ना, नावडतं आधी कर म्हणून?" बॅकअपचं पान उघडलं.

दुपारी तळघरात वकिलाने देखरेखीचं प्रकरण उघडलं आणि मुद्दाम एक चुकीचं विधान केलं. मी वाद घातला. मग त्याने दुसरं चुकीचं विधान केलं. कळलं मला तो काय करतोय ते.

१ जून, रविवार

जेवायच्या आधीच लिहायला बसले!

आज तालीम होती. कंपनीला सुट्टी, यंत्रं बंद. नव्या जागी सगळं उभं केलेलं, फक्त खोट्या ऑर्डरी टाकून बघायच्या. टोपीवाली, तिचा सगळा गट, साहेब, वकील, मी. पहिली ऑर्डर टाकली. काही नाही. दुसरी. काही नाही. दुकानाच्या बाजूला नुसतं चक्र फिरतंय. साहेबांचा चेहरा पांढरा. गटातला एक जण म्हणे सॉफ्टवेअरमध्येच दोष. सॉफ्टवेअरवाला फोनवरून म्हणे आमच्याकडे सगळं ठीक.

माझ्या मात्र अंगात वारं शिरलं. दोन मशीन, दोन्ही चांगल्या, आणि बोलत नाहीत!

टोपीवालीला विचारलं, मी बघू का? तिने सरळ खुर्ची रिकामी केली. ऑर्डर आत येत होती, ते नोंदींत दिसलं. म्हणजे दार उघडं होतं. मग उत्तर कुठे जातंय? हळूहळू मागे गेले. सर्व्हर उत्तर देतोय... वाटेपर्यंत जातंय... आणि तिथे संपतंय. त्या भागाच्या वेशीवर नियम लावलेले असतात, येण्याचे वेगळे, जाण्याचे वेगळे. ती वेस आत कोण आलं होतं ते लक्षात ठेवत नाही, परत जाणाऱ्यालाही नव्याने अडवते. येण्याचा नियम लिहिला होता. उत्तर बाहेर जाण्याचा राहिला होता. बस!

नियम घातला. वकिलाला म्हटलं, टाक ऑर्डर. त्याने टाकली. दुकानाच्या स्क्रीनवर हिरवी खूण.

कोणी ओरडलं-बिरडलं नाही. साहेब खुर्चीत टेकले. टोपीवाली म्हणाली, तो नियम मीच लिहिला होता, आणि मी त्याच्यावरून तीनदा नजर फिरवली होती. मग मला सगळं पुन्हा, पहिल्यापासून, गटाला समजावून सांगायला लावलं. घरी आले ती चालत नव्हते, तरंगत होते.

१४ जून

पुन्हा परीक्षा. या वेळी नावडतं आधी वाचलं होतं. पास! नवऱ्याने फोनवर शिट्टी वाजवली, तलावावरची, खरी. कान अजून वाजतोय.

६ जुलै

सगळं हललं. आजपासून ऑर्डरी नव्या जागी. तळघरातलं शेवटचं कपाट आम्ही दोघांनी मिळून बंद केलं. बटण वकिलाने दाबलं, कारण माझ्याने होईना. घरघर थांबल्यावर कळलं की आपण इतकी वर्षं किती मोठ्याने बोलत होतो.

टोपीवाली निघताना मला बाजूला घेऊन एक गोष्ट विचारून गेली. ती इथे लिहायचाही धीर होत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

जागा मला! साहेबांनी बोलावून सांगितलं. तालमीच्या त्या रविवारनंतर त्यांच्या मनात दुसरं नाव नव्हतंच, म्हणाले. सोमवारपर्यंत होकार कळवायचा. बाहेर आले तर वकील दाराशीच. त्याने हात मिळवला. हसला, नीट हसला. त्याची दोन लहान मुलं आहेत, त्याने चार ठिकाणी अर्ज केलेत, हे सगळं मला ठाऊक आहे.

घरी सगळे खूश. खारूताईने दाणे सोडून मिठी मारली. मीही खूश. आणि तरी स्वयंपाक करताना दोनदा मीठ घातलं. सगळं आता सुरळीत चालू आहे. यापुढे माझं काम म्हणजे ते सुरळीत चाललंय हे बघत बसणं. पुढची कित्येक वर्षं हिरव्या खुणा.

नवऱ्याला टोपीवालीचं सांगितलं, ती तिच्या कंपनीत बोलावतेय ते. तो म्हणाला, "काठावर उभं राहून पाणी गार आहे का विचारणारे खूप येतात माझ्याकडे. तू तर ओली होऊन बसलीयस."

४ ऑगस्ट, सोमवार

साहेबांना नाही म्हणून आले! टोपीवालीच्या कंपनीत जातेय, नेटवर्कच्या कामावर. इथली जागा वकिलाला. तो धावत खाली आला आणि विचारलं, "माझ्यासाठी सोडलीस का?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी मी डब्यातली भाजीसुद्धा सोडत नाही." तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

तिकडच्या गटात सगळ्यांत कच्ची मीच असणार. किती वर्षांनी!