ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा

अण्णा, तुमच्या वेळचा तो मोठा प्रेस अजून चालतो. पंख्याची पाती कापणारा, खिडकीशेजारचा. रंग दोनदा बदलला, मोटार बदलली, मालकही बदलले, पण तो खाली येताना पायाखालची फरशी हादरते ती तशीच. तुम्हांला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुमच्या जागेवर मला बसवलं त्याला अकरा. म्हणजे प्रेसखात्याचा इनचार्ज आता मी आहे. हे तुम्हांला अभिमानानं सांगायचं होतं. आता तसं सांगता येत नाही, आणि का येत नाही तेच लिहायला बसलोय.

इथं उत्तरेत, ब्रह्मा घाटावरच्या आपल्या मराठी गल्लीत पोथी सोडून कारखान्यात गेलेले तुम्ही पहिले. "भटाचा लोहार झाला" म्हणून लोक हसायचे, तुम्हीही हसायचात आणि सायकलवर टांग मारायचात. संध्येत एखादा मंत्र गळला तर देव सांभाळून घेईल, म्हणायचात, पण बिल्ला विसरलात तर प्रेस सांभाळून घेणार नाही. प्रत्येक कामगाराच्या नंबराचा पितळी बिल्ला, एरवी भिंतीवरच्या फळीवर आपापल्या नंबराखाली टांगलेला. प्रेसमध्ये साफसफाईला हात घालायचा तर आधी मेन स्विचच्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. खिळ्यावर एक जरी बिल्ला असला तरी स्विचला कुणी बोट लावायचं नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा, साक्षात मालक आला तरी दुसऱ्यानं नाही.

माझा तिथला पहिला आठवडा. तुम्ही प्रेसमागून बाहेर येऊन पाणी पिताय, घामानं निथळताय. मला वाटतं, अण्णा दमलेत, तेवढीच त्यांची खेप वाचेल. मी तुमचा बिल्ला काढतो आणि गुणी मुलासारखा तुमच्या हातात आणून देतो. तुम्ही बिल्ल्याकडे बघता, माझ्याकडे बघता, आणि सगळ्यांदेखत माझ्या कानफटात बसते. चोवीस वर्षांचा घोडा मी! महिनाभर मान वर करून चाललो नाही. घरी आई कणीक मळत होती, तिनं विचारलं, "अहो, चार माणसांत मारायचं का पोराला?" तुम्ही म्हणालात, "हो." मग माझ्याकडे न बघता, "माया करायची तर घरी कर. तिथं माझा बिल्ला काढायचा नाहीस."

मी इनचार्ज झालो तेव्हा ठरवूनच टाकलं होतं की तुमच्यासारखा खडूस व्हायचं नाही. आम्ही सहा जण. एकाच्या बहिणीच्या लग्नात सहाही जण पंगतीत वाढायला, एकाचा बाप आजारी तर सहाही जण दवाखान्यात. जिवाला जीव देणारी माणसं, खोटं कशाला सांगू. त्या मायेतच बिल्ले सैल झाले. चहा आला की स्विचजवळ जो असेल तो सगळ्यांचे काढायचा आणि वाटायचा. "अरे, हमरो लेते आना!" आणि तोही हसत आणून द्यायचा. कुणाचा बिल्ला काढून आणणं म्हणजे तो आपला माणूस, असं होऊन बसलं. मॅनेजर दुसऱ्या खात्यातल्या लोकांना आणून आम्हांला दाखवायचे, "टीम देखो, इसको कहते हैं टीम." मी फुगायचो, अण्णा. तुमची चापट आठवायची आणि वाटायचं, म्हाताऱ्याला माणसं जोडताच आली नाहीत.

चैत्रातली दुपार. पंख्यांची मागणी इतकी की प्रेस थंडच होत नव्हता. साफसफाईला आम्ही दोघं होतो, मी पुढून आणि तो मागून. तो म्हणजे पुलापलीकडून सायकलवर येणारा, दहा वर्षं माझ्या हाताखाली काढलेला, दिवसभर तोंड चालवणारा माणूस. मला पंडितजी म्हणायचा. दोन बिल्ले खिळ्यावर, एक माझा, एक त्याचा. चहाची किटली आली. किटलीपाशी निळ्या शर्टातली पाठ दिसली, मला वाटलं तोच. शर्ट तर आम्हां सगळ्यांचेच निळे! मी रोजच्यासारखे दोन्ही बिल्ले काढले, खिशात टाकले आणि प्रेस चालवणाऱ्याला म्हटलं, "चलाओ." त्यानं खिळा बघितला. रिकामा होता. तो तरी काय करणार? मागच्या बाजूला माझा साफसफाईचा जोडीदार अजून तेल पुसत होता. उजवा हात गेला, मनगटापासून.

सगळे त्याच्याकडे धावले. मीही धावलो, पण आधी मी काय केलं ते ऐका. भिंतीवरच्या फळीपाशी गेलो आणि त्याचा बिल्ला त्याच्या नंबराखाली अडकवून आलो. कुणी सांगितलं नव्हतं. विचारही केला नव्हता, हात आपोआप गेला. प्रेस चालवणारा बघत होता.

चौकशीला साहेबांनी आम्हांला एकेक करून बोलावलं. पहिला प्रेसवालाच आत गेला आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पंडितजी, कह दिए हैं. बिल्ला तख्ते पर था, उसने लगाया ही नहीं था." मग बाकीच्यांनी तेच सांगितलं. मी एकालाही सांगितलं नव्हतं, देवाशपथ. आणि एकालाही अडवलं नाही. कागद टाइप होऊन आला, "कर्मचारी की लापरवाही", खाली इनचार्जची सही. मी सही केली. लापरवाही लिहिली गेली म्हणून त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. फाटकावर पहारेकरी म्हणूनसुद्धा नाही.

आता आम्ही पाच जण पहिल्यापेक्षा घट्ट झालोय. म्हणजे मी कुणाला काही बोलू शकत नाही. एक जण उशिरा येतो, एक हातमोजे न घालता पत्रा उचलतो. मी तोंड उघडायला लागलो की ते नुसते माझ्याकडे बघतात. रागानं नाही हो, प्रेमानं बघतात. मग मी वळून आपल्या कामाला लागतो. कधीकधी वाटतं, तुम्ही चापटीऐवजी कारण सांगितलं असतंत तर! पण हे मी स्वतःला फसवतोय. कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लहान पोरालाही कळेल असं ते कारण.

दर रविवारी मी पुलापलीकडे त्याच्या घरी केळी घेऊन जातो. त्याची बायको चहा देते आणि माझ्यासमोरच त्याला बोलते, "हज़ार बार कहे थे, ध्यान से काम करो. पंडितजी जैसा आदमी मिला था, उनका भी मुँह काला किया." तो खाली बघत राहतो. पूर्वी एका वाक्याला दहा वाक्यं परत करायचा.

गेल्या रविवारी ती आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "पंडितजी, एक बात पूछें? हमको लगता है हम टाँगे थे. कील ठंडी लगी थी उँगली को, इतना तक याद है. फिर सोचते हैं, सब लोग झूठ थोड़े बोलेंगे. आप तो स्विच के पास थे. आपने देखा था?"

त्याला माझ्याकडून काही नको होतं, अण्णा. नोकरी नको, हात तर कुणी देऊच शकत नाही. आपलं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच त्याला ऐकायचं होतं. एक शब्द. बाहेर माणसं नव्हती, साहेब नव्हता, कागद नव्हता.

मी म्हटलं, "नहीं भाई. नहीं था."

त्यानं मान हलवली. "चलिए, फिर पक्का हो गया. हमरी ही मति मारी गई थी." आणि डाव्या हातानं केळं सोलायचा प्रयत्न करू लागला. मी ते सोलून दिलं.

हे पत्र जाणार कुठं? फाडून टाकीन, मुलाच्या हाती लागायला नको. तुम्हांला लिहिलं ते तुम्ही वडील म्हणून नाही, तुम्ही वारलात म्हणून. तुम्ही हयात असतात आणि समोर बसून विचारलं असतंत, तर तुम्हांलाही मी हेच सांगितलं असतं, की बिल्ला नव्हता.