शहाण्णव संमतीपत्रं आणि एक कोरं

एका मिनिटाचं बोलणं कागदावर उतरवायला चाळीस मिनिटं लागतात. कोण कुठे अडखळलं, किती वेळ गप्प राहिलं, सगळं टिपायचं. माझ्याकडे सोळा तासांचं बोलणं आहे; म्हणजे सहाशे चाळीस तास मी कान लावून बसलो. हे आधी लिहिलं, कारण खालची मुख्य वाटणी त्यावरच उभी आहे.

मी, धंद्याने कुलूप-किल्लीवाला, वय सत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. दडपण आणू शकेल असं घरात एकच माणूस आहे, ती आत भाजी निवडते आहे.

कलम एक. राहतं घर पत्नीला. ती असेपर्यंत घर विकण्याचा विषय तिच्यासमोर कोणी काढू नये.

कलम दोन. दुकान आणि किल्ल्या कापायचं यंत्र मुलीला. गल्ल्याच्या खणात एक झिजलेली कानस आहे. फुटपाथवर तेवढ्या एका कानशीवर मी धंदा सुरू केला. ती फेकू नये.

कलम तीन. जावईबापूंना माझी कॉलेजची पिशवी. एकावन्नाव्या वर्षी मी उपयोजित भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा शेजारच्या खोलीत ते म्हणाले होते, "सासरेबुवांना आता दप्तर घेऊन द्या." घेतलं होतं. आता त्यांनी वापरावं. मध्ये जाड भिंत होती, पण माझ्या कानांतून काही सुटत नाही. कुलपातली पिन सरकलेली मला ऐकू येते, आणि जिन्यावर कोण चढतंय ते पावलांवरून सांगतो.

कलम चार. आमचे मार्गदर्शक सर.

माझा प्रबंध होता, घराबाहेर अडकलेला माणूस मदत कशी मागतो यावर. शहाण्णव गिऱ्हाइकांचं बोलणं मी काउंटरवर टेप केलं. माणूस आधी दुसऱ्याला दोष देतो, मग दार उघडायला सांगतो. "मी नाही हो, सूनबाईने ओढलं दार. जरा येता का?" शहाण्णवांपैकी एकाहत्तर जण असेच बोलले. तोंडी परीक्षेत सर म्हणाले, "काका, ही नुसती सामग्री झाली. याला संशोधन म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात, सर?"

"मेहनत."

बाकीचे परीक्षक हसले. मीही हसलो, गिऱ्हाइकासमोर हसायची सवय आहे. मला काठावर पास केलं. दोन वर्षांनी सरांचं पुस्तक आलं. सात प्रकरणं, सातही माझ्या काउंटरवरची. सूनबाईसुद्धा जशीच्या तशी. माझा उल्लेख प्रस्तावनेत: "एका स्थानिक कारागिराने ध्वनिमुद्रणास साहाय्य केले." नाव नाही.

आता दुसरी आवृत्ती येते आहे. पहिल्या तासाला सरांनीच फळ्यावर लिहिलं होतं, की बोलणाऱ्याच्या सहीच्या संमतीपत्राशिवाय त्याचा आवाज वापरणं ही चोरी. मी चांगला विद्यार्थी होतो. शहाण्णव संमतीपत्रं लोखंडी पेटीत आहेत. ती विभागाच्या ग्रंथालयाला द्यावीत. मात्र प्रत्येक टेपमध्ये एक सत्त्याण्णवावा माणूस बोलतो, तो मी. त्याचं संमतीपत्र कोरं आहे आणि कोरंच राहील. माझ्या वतीने कोणाही वारसाने सही करू नये. वकीलसाहेबांनी हे कलम विभागात, विद्यार्थ्यांसमोर, सर हजर असताना मोठ्याने वाचावं.

सर माझ्या दारात येऊन एक शब्द बोलले असते तर मी तेव्हाच सही केली असती. पुस्तक येऊन पंधरा वर्षं होत आली. आले नाहीत. आले असते तर मला कळलं असतं.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल. दिनांक: चौदा नोव्हेंबर.
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार १: समोरचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार २: शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी (सही)

खाडाखोडीची नोंद: "वाचून दाखवले, ते ऐकून सही केली" ही वकीलसाहेबांची ओळ मी खोडली आहे. मजकूर मी स्वतः वाचला. दोन वर्षांपासून मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. सही करताना वहिनींनी पाटीवर लिहून दाखवलं, की गेल्या वर्षी चष्मा लावलेले एक प्राध्यापक हातात पुस्तक घेऊन आले होते, दहा मिनिटं बेल वाजवून गेले. मी घरातच होतो, एकटा.