वीतभर ट्रकचं सामान

१७ जून, मंगळवार

ओरोसहून आत्ता आलो. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी हाताची पट्टी कायमची काढली. उजव्या हाताची दोन बोटं अजून अर्धीच वळतात. म्हणाल्या, "आता बारीक वस्तू उचलायच्या. वाटाणे, मणी, काहीही. कंटाळा केलात तर बोटं अशीच राहतील."

विचारलं, मासेमारीची बंदी उठेपर्यंत लाँचचं सुकाणू धरता येईल का? म्हणाल्या, "ते तुमच्यावर आहे."

घरी येताच संचिताने ताटात वाटाणे ओतले. थोडे उचलले आणि चिडलो. तिच्यावर नाही — वाटाण्यांवर!

१९ जून, गुरुवार

संचिताच्या भावाचा फोन. सुशांत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आहे, तिकडे वर डोंगरात. सुट्टीवर आला की आमच्या माळ्यावर बसून रणगाडे नि ट्रकची प्लॅस्टिकची मॉडेलं करतो. म्हणाला, "भावोजी, वाटाणे कित्याक? माळ्यार माझो खोको आसा. ट्रक झालो, सामान लावूचा रवला. ता तुमी लावा."

खोका उतरवला. ट्रक वीतभर, खाकी. सामानाची पाकिटं वेगळी — पेट्रोलचे कॅन, लाकडी पेट्या, फावडी, ताडपत्रीच्या गुंडाळ्या, शिपायांच्या पाण्याच्या बाटल्या. बादली माझ्या करंगळीच्या नखाएवढी! लोक हे विकत घेतात?

२३ जून

एक कॅन. अख्खी संध्याकाळ गेली. दोन अर्धुकं जोडायची, वर कडी बसवायची. कडी चिमट्यातून सारखी उडते. शेवटी दिसेनाशीच झाली. संचिता बॅटरी घेऊन खाटेखाली शिरली. "गावली!... नाय ओ, तांदूळ आसा."

दोघंही हसत सुटलो. हाताचं झाल्यापासून या घरात असं हसणं नव्हतं.

२ जुलै

हवा इतकी दमट की रंग वाळत नाही. कॅन सगळे झाले. मधलं बोट आता अंगठ्याला टेकतं!

बाजारात तुकारामकाका भेटले. म्हणाले, "बाबून मे म्हयन्यात लाँच बरी चलवली हां. सुकाणू शोभता तेका."

तेव्हापासून डोक्यात तेच. लाँच बाबूची नि माझी, भागीदारीत. सुकाणू माझं, जाळ्याची वायर ओढणारा विंच बाबूचा — पहिल्यापासून. एप्रिलमध्ये जाळं ओढताना वायर नीट गुंडाळायला गेलो आणि हात वायर आणि ड्रमच्या मधे गेला. बाबूने लगेच लिव्हर मागे घेतला म्हणून हात शिल्लक आहे. पण त्यानंतर तो किती वेळा घरी आला? खुर्चीच्या कडेला बसतो. "बरो मा?" म्हणतो, निघतो. डोळ्याला डोळा देत नाही.

माझ्या जागेवर बसून बरं वाटत असणार.

९ जुलै

पितळेच्या पातळ पत्र्यातून पट्ट्यांचे बक्कल कापले. राईपेक्षा थोडे मोठे. हे दुखऱ्या बोटांनी! कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

सुशांतला फोनवर ट्रक दाखवला. तो मोठ्याने हसला. "भावोजी, ट्रकात ट्रॉलरसारखो माल भरलात!" खरंच की — जड पेट्या तळाला, दोरखंड डाव्या बाजूला, हाताशी. सवयीने झालं. म्हणाला, असू दे. पण कॅन नवे कोरे दिसतात, त्यांना पोचे पाडा, कडेचा रंग थोडा खरवडा. "वापरातला सामान असा दिसता काय?"

रात्री जेवताना संचिता म्हणाली, "भांडान इलात काय बाबूवांगडा?" बाबूशी भांडण नाही म्हटलं. ते खरंच आहे.

२० जुलै

सगळं लागलं. ट्रकच्या पुढच्या बाजूचा एक छोटा विंच राहिलाय. ड्रमवर दोरा गुंडाळायचा, टोकाला हूक. दोरा जाड वाटतो.

२२ जुलै

संचिताने तीन प्रकारचे दोरे आणून ठेवलेत. बघू उद्या.

४ ऑगस्ट

मॅडमनी हातात हात घेऊन दाबायला सांगितलं. मी दाबला. "अहो, सोडा आता!" म्हणाल्या. लाँचवर जायला हरकत नाही!!

विंच राहू दे तसाच. ट्रक फळीवर ठेवला. छान दिसतो.

११ ऑगस्ट, सोमवार

नारळ वाहून झाला, आज पहिली फेरी. पहाटे जेटीवर गेलो तर बाबू केबिनमध्ये, सुकाणूवर. म्हटलं, "हात बरो झालो माझो." म्हणाला, "आजचो दिवस मीच धरतंय." तोंड समुद्राकडे. म्हणजे ठरलंच!

वाद घातला नाही. मागे गेलो. जाळं ओढायची वेळ झाली, लिव्हरवर आमचा खलाशी नितेश. त्याने विंच चालू केला. वायर सरळ करायला मी पुढे व्हायचं होतं.

पाय हलले नाहीत. हात ठीक होते. पाय! कठडा धरून उभा राहिलो. नितेशने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्याला पुढे बोलावलं. मी केबिनकडे बघितलं. बाबूची पाठ. एकदासुद्धा वळून बघितलं नाही त्याने.

मासळी बरी मिळाली. सरळ घरी आलो.

१२ ऑगस्ट

गेलो नाही. संचिताला सांगितलं, बोटं दुखतात. दुखत नाहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी बाबू आला. खुर्चीत नाही बसला, पायरीवर बसला. बराच वेळ चप्पल चाळवत राहिला. मग म्हणाला, "मंगेश, त्या दिसापासून मी लिव्हराक हात लावूक नाय. विंच वाजलो की तुझो हात दिसता. सुकाणू धरलंय, कारण थयसून मागे बघूचा लागणा नाय."

मी म्हटलं, "माझे पाय हलले नाय रे परवा."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

उद्या लाँच जेटीला बांधलेली असतानाच विंच चालू करून बघायचा. मी म्हटलं, लिव्हर आधी मी धरतो. तो म्हणाला, "नको. दोघांनी एकदमच धरूया."