सोप्या वाटेवर बाबांची परीक्षा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे प्रत्यक्ष साष्टांग तूर्त शक्य नाही, कागदावरचा पूर्ण मानून घ्यावा.) तुझी दाढ शांत झाली असेल आणि भावोजींचा खोकलाही निवळला असेल, अशी आशा आहे. येथे सर्व क्षेम आहे. माझा डावा बूट तेवढा नाही, पण तो विषय क्रमाने येईल.

मागच्या महिन्यात बाबा वाचनालयातून परतताना भलत्याच बसमध्ये चढले आणि दिवेलागणीला घरी पोहोचले. त्यावर आपण फोनवर असे ठरवले होते, की त्यांना एकटे सोडणे कितपत सुरक्षित आहे हे मी निःपक्षपातीपणे तपासावे. नसेल, तर महिनाअखेरीस तू येऊन त्यांना कायमचे तुझ्याकडे न्यावे. यात माझा स्वतःचा कोणताही आग्रह नव्हता व नाही, हे आरंभीच नमूद करतो.

तपासणीसाठी मी गावाबाहेरची एक पायवाट निवडली. ती रानातून शिरते, दलदलीतून निघते आणि फिरून पुन्हा फाटकाशीच येते. फाटकावरच्या पाटीवर ‘सोपी, सहकुटुंब फिरण्यास योग्य’ असे लिहिलेले आहे. (लिहिणारा बहुधा अविवाहित असावा.) तुझ्या भावजयीचे म्हणणे पडले, की ऊन चढण्याआधी सावलीत चालावे, म्हणजे रान आधी. माझे म्हणणे, पक्षी सकाळीच दिसतात, म्हणून दलदल आधी. वाट गोल असल्याने दोघांचेही खरे होते, आणि दोघांचेही खरे असले की आमच्या घरात तोडगा निघत नाही. शेवटी तिने रानाकडून निघावे, मी बाबांना घेऊन दलदलीकडून निघावे आणि मध्ये कोठेतरी भेटावे, असे ठरले. गळ्यात दुर्बीण अडकवून, काठी टेकून उभे असलेले बाबा एवढेच म्हणाले, की संसार गोल असतो ते बरे, नाहीतर तुमची भेट अवघड होती.

दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. अर्ध्या वाटेवर तळ्याकडे तोंड करून पक्षी पाहण्यासाठी एक लाकडी खोपटी आहे, तिच्यातल्या बाकावर बाबा बसले आणि आता पुरे म्हणाले. मी त्यांना तीनतीनदा बजावले, की जागचे हलायचे नाही, समोरून सून येईल, तिच्याबरोबर फाटकाशी परतायचे. मी मात्र पुढे निघालो, कारण अर्ध्यावर सोडलेल्या फेरीला फेरी म्हणत नाहीत.

पुढे फाटा लागला. तेथे उजवीकडे दाखवणारा बाण होता. मी थांबून विचार केला. बाण हा सरळ दिशेने येणाऱ्यांसाठी असणार. आपण उलट दिशेने आलो आहोत. म्हणजे आपल्याला तो उलटाच वाचला पाहिजे. मी डावीकडे वळलो. (या तर्कात मला आजही दोष सापडलेला नाही. दोष बाण लावणाऱ्याचा आहे.) ती वाट सुरेख होती. मधूनमधून पाण्याकाठी एक वाळलेले झाड लागे आणि त्यावर पंख पसरून एक काळा पाणकावळा बसलेला असे. इतक्या अंतराअंतरावर इतकी एकसारखी झाडे राखणाऱ्या खात्याविषयी माझ्या मनात आदर दाटून आला. तळ्याभोवतीच फिरतो आहोत आणि झाड एकच आहे, हे ध्यानात यायला वेळ लागला, कारण पाणकावळा दर वेळी मान दुसरीकडे वळवून बसे.

अशात समोरून बाबागाडी ढकलत एक बाई आल्या. वाट अरुंद असल्याने मी सभ्यपणे शेजारच्या हिरवळीवर उतरलो. ती हिरवळ नव्हती. गुडघ्यापर्यंत चिखलात गेल्यावर बाईंनी हात देऊ का, असे विचारले. मी आभार मानून म्हणालो, नको, मी जरा थांबलो आहे. त्या निघून गेल्या. मी थांबलोच होतो.

मला बाहेर काढले ते बाबांनी. फाट्यावरून, मी गेलो त्याच डाव्या वाटेने, ते सुनेला घेऊन आले आणि स्वतः कठड्याला धरून त्यांनी काठी पुढे केली. बूट तेथेच राहिला. नंतर तुझ्या भावजयीकडून कळले, की खोपटीच्या झरोक्यातून बाबा दुर्बिणीने मला प्रत्येक फेरीत पाहत होते. ती हाक मारायला निघाली, तेव्हा त्यांनीच तिला अडवले.

“हाक मारू नकोस. चुकतोय म्हटलं की चिडतो. दमला की आपोआप थांबेल.”

परतताना मी त्यांच्या मागून एका बुटावर चालत होतो. वळून न पाहता त्यांनी विचारले, “मग, पास झालो का रे मी?”

म्हणजे आपले फोनवरचे बोलणे त्यांनी ऐकलेले होते.

“परीक्षा दोघांनी मिळून ठरवलीत,” ते म्हणाले. “मला कुठं राहायचंय, ते मात्र कुणी विचारलं नाही.”

फाटकापर्यंत तुझ्या भावजयीने माझा हात धरून मला चालवले. तेही मी न सांगता; यावरून गांभीर्य ध्यानी यावे.

सबब माझा अभिप्राय असा : बाबांना एकटे सोडण्यास प्रत्यवाय नाही. (मला सोडावे की नाही, यावर घरात मतभेद आहेत.) राहता राहिले त्यांचे राहण्याचे ठिकाण. तो निर्णय आपला नसून सर्वस्वी त्यांचा आहे. तू महिनाअखेरीस ये, त्यांच्यासमोर बस आणि त्यांना सरळ विचार. त्यांच्यावर दडपण येऊ नये म्हणून मी त्या वेळी खोलीतही थांबणार नाही. भावोजींस नमस्कार.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. हे पत्र बाबांना वाचून दाखवले. पाणकावळ्याचे वर्णन अचूक आहे, म्हणाले.

ता. क. २. हे मात्र वाचून दाखवलेले नाही. ताई, तू लहानपणापासून काहीही मागितलेस, तरी बाबा तुला कधी नाही म्हणालेले नाहीत. तू विचारलेस तर ते हो म्हणतील, आणि निघतीलही. म्हणून वरचे सर्व खरे असले तरी हात जोडून सांगतो : ये, हवी तितकी राहा, पण त्यांना विचारू नकोस.