चल्लापाताचा फाटा

एउलोखिया वन्सं,

तुमचा फोन आला तेव्हा कासिमिरो चल्लापाताच्या फाट्यावर पेट्रोल भरत होता. तुम्ही म्हणालात, "आई त्याचंच नाव घेतेय, लवकर या." मी त्याला सांगितलं, "आई उठून बसल्यात. वन्सं सावकाश या म्हणाल्या."

तो हसला आणि त्यानं गाडी ओरुरोऐवजी मिठाच्या पठाराकडे वळवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो चार दिवस माझ्या एकटीचा होता. आईंसाठी त्यानं लामाच्या लोकरीची शाल घेतली. "आवडेल ना तिला?"

"आवडेल," मी म्हणाले. आई गेल्याचा तुमचा निरोप तोवर मला आला होता.

ओरुरोत आईंच्या कबरीपाशी, "लवकर या" असंच कळवल्याची तुम्ही शपथ घेतलीत. मी म्हणाले, "वन्सं, आई बऱ्या आहेत असं तुम्हीच तर कळवलंत." सगळ्यांदेखत त्यानं तुम्हाला खोटारडी म्हटलं.

परवा तो म्हणाला, "ताईला फोन करू का?"

"तुझी मर्जी," मी म्हणाले.

त्यानं केला नाही.

तुमची भावजय,
नेलिदा